मेघव्यवस्थापनाची मुक्त आज्ञावली : विकसन-मांडणीचा इतिहास आणि वसई-विरारचा विद्यार्थी

विद्येचा इतिहास लिहिताना तिच्या सिद्धान्तांची चर्चा विस्ताराने होते, परंतु ज्या साधनांच्या आधारे ती विद्या हस्तगत होते त्यांची नोंद क्वचितच घेतली जाते. वस्तुतः साधनांची मांडणी कोणाच्या हाती आहे, यावर त्या विद्येचे रूप पुष्कळ अंशी अवलंबून असते. इ. स. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले, तेव्हा काव्याची भाषा मराठी असूनही लिपी मात्र रोमन होती. देवनागरीचे खिळे मुद्रणालयात नव्हते, हे त्याचे कारण होय. मराठी माणसाला मराठी ग्रंथ परक्या अक्षरांत वाचावा लागला, तो साधनांच्या अभावी. संगणकाच्या युगात हाच प्रश्न निराळ्या वेषात पुढे आला आहे. मेघसंगणनाची व्यवस्था चालविणाऱ्या आज्ञावलीच्या विकसन-मांडणीच्या संदर्भात त्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने भाड्याने संगणकशक्ती देण्याचा व्यवसाय आरंभिला. दूरच्या यंत्रसंचातील एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक करावयाचे, मागणी येईल तसे ते द्यावयाचे आणि वापरापुरते मोल घ्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. या सर्व व्यवहाराचा कारभार पाहणारी आज्ञावली मात्र कंपनीच्या खाजगी मालकीची होती. ग्राहकाला संगणक मिळे, कारभाराची विद्या मिळत नसे. या स्थितीला उत्तर म्हणून जी मुक्त आज्ञावली पुढे आली, तीत ओपनस्टॅकचे स्थान मोठे आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने ‘नेब्युला’ या प्रकल्पात रचलेला भाग आणि रॅकस्पेस कंपनीने रचलेली साठवणव्यवस्था यांच्या संयोगातून जुलै २०१० मध्ये या प्रकल्पाची घोषणा झाली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ‘ऑस्टिन’ नावाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. अपाची परवान्यामुळे ती कोणीही वाचावी, बदलावी व वापरावी, अशी मुभा मिळाली.

परंतु मुभा मिळणे आणि सामर्थ्य येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ओपनस्टॅक ही एक आज्ञावली नसून अनेक सेवांचा समूह आहे. आभासी संगणक निर्माण करणारी सेवा नोव्हा, त्यांच्या मूळ प्रती सांभाळणारी ग्लान्स, जाळ्याची जुळणी करणारी न्यूट्रॉन, ओळख पटविणारी कीस्टोन आणि वापरकर्त्यापुढे पडदा मांडणारी होरायझन, अशी ही नामावली आहे. ही नावे भाषेच्या अभ्यासकास लक्षणीय वाटतील. कीस्टोन म्हणजे कमानीच्या माथ्यावरील पाचरीचा दगड. तो निसटला की कमान कोसळते. वसईच्या किल्ल्यातील कमानींखालून जाणाऱ्यास या नावाचे औचित्य निराळे सांगावे लागत नाही, कारण ओळख पटविणारी सेवा बंद पडली की उरलेल्या सेवा असून नसल्यासारख्या होतात. या सेवांच्या बरोबरीने माहितीचा कोश आणि निरोपांची देवाणघेवाण करणारी यंत्रणाही लागते. इतक्या गोष्टी हाताने जुळविताना अनुभवी माणसाचेही कित्येक दिवस खर्ची पडत.

या अडचणीतून २०११ मध्ये ‘डेव्हस्टॅक’ उदयास आले. ही आज्ञांची एक संहिता आहे. नव्याने बसविलेल्या लिनक्स प्रणालीवर ‘स्टॅक’ नावाचा स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करावयाचा, संहितेची प्रत उतरवून घ्यावयाची, एका लहानशा धारिकेत परवलीचे शब्द लिहावयाचे आणि मुख्य आज्ञा सोडावयाची, एवढे कर्म विद्यार्थ्याने करावयाचे असते. पुढे संहिता सर्व सेवांचे स्रोत मागवून त्यांची जुळणी करते. ही मांडणी यंत्राच्या मूळ व्यवस्थेत मोठे फेरबदल करीत असल्यामुळे नित्याच्या कामाच्या यंत्रावर ती करू नये, असा इशारा तिच्या कर्त्यांनी आरंभापासून दिला आहे. तिचे ऐतिहासिक महत्त्व मात्र सोयीपुरते नाही. ओपनस्टॅकमध्ये कोणीही सुचविलेला बदल स्वीकारण्यापूर्वी डेव्हस्टॅकने उभारलेल्या मांडणीवर स्वयंचलित रीतीने पारखला जातो. म्हणजे शिकाऊ विद्यार्थ्याच्या हाती येणारी मांडणी आणि मुरलेल्या कारागिराच्या कामाची कसोटी पाहणारी मांडणी तत्त्वतः एकच होय. इतर विद्यांच्या इतिहासात अशी समानता विरळा आढळते.

आता वसई-विरारकडे वळू. १८६७ मध्ये विरारहून मुंबईस आगगाडी धावू लागली, तेव्हापासून या प्रदेशाचे जीवन त्या मार्गाशी बांधले गेले. २००९ मध्ये येथे महानगरपालिका झाली, तर २०१४ मध्ये हा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला. १९९४ मध्ये वसई येथे विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाल्यावर संगणकविद्येच्या शिक्षणासाठी प्रत्येक वेळी मुंबईची वाट धरण्याची गरज उरली नाही. पुढे मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात मेघसंगणनाच्या प्रयोगशाळेला स्थान मिळाले, तेव्हा ओपनस्टॅकसारख्या मुक्त आज्ञावलीची उभारणी हा पदवीच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीचा विषय झाला. नासाच्या प्रकल्पात जन्मलेली विद्या अशा रीतीने अल्प काळात उपनगरी महाविद्यालयाच्या टेबलावर आली.

तथापि संहिता रचणाऱ्यांनी जी परिस्थिती गृहीत धरली होती, ती सर्वत्र सारखी नसते. सर्व सेवा एकाच यंत्रावर चालवावयाच्या तर निदान ८ गिगाबाइट स्मृती असणे सोयीचे. शिवाय जुळणीच्या वेळी आंतरजालावरून पुष्कळ सामग्री उतरवावी लागते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार जलमय झाले, रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला आणि अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा खंडित झाला. डेव्हस्टॅकची मांडणी यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर पूर्ववत उभी राहीलच, अशी अपेक्षा धरता येत नाही. ती बहुधा नव्याने उभारावी लागते. एकदा सामग्री उतरवून घेतल्यावर आंतरजालाविना पुन्हा जुळणी करण्याची सोय तिच्या धारिकेत आहे. जेथे वीज आणि जाळे यांचा भरवसा नाही, तेथे या एका ओळीचे ज्ञान विद्यार्थ्याचा सबंध दिवस वाचविते. परंतु हे ज्ञान ज्या पत्रकांत लिहिलेले आहे, ती इंग्रजीत आहेत. आणि जुळणी अडली असता यंत्र जे निरोप देते, तेही इंग्रजीतच असतात.

येथे मूळ प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. भारतीय संस्थांनी आपल्या मेघव्यवस्थांना देशी नावे दिली. दिल्लीच्या आयआयटीने ‘बादल’ निर्माण केले, सी-डॅकने मुक्त साधनांवर ‘मेघदूत’ उभारले आणि २०१४ मध्ये केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ या उपक्रमाखाली राष्ट्रीय मेघसेवा सुरू झाली. नावे सुंदर आहेत. पण नामकरण म्हणजे भाषान्तर नव्हे आणि भाषान्तर म्हणजे अध्यापन नव्हे. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्ससारख्या मुक्त साधनांचे पाठ मराठीतही ध्वनिबद्ध केले, हे या दृष्टीने अधिक मोलाचे कार्य होय. त्यात आज्ञा मूळ रूपातच राहते, पण ती का द्यावयाची, हे विद्यार्थ्याला स्वभाषेत उमगते. आज्ञेचे शब्द बदलण्यापेक्षा तिच्या हेतूचा उलगडा मराठीत करणे, हीच पद्धती येथे श्रेयस्कर ठरते.

स्टीफन्स यांच्या काळी खिळे नव्हते, म्हणून लिपी बदलावी लागली. आज देवनागरी अक्षरे युनिकोडमुळे प्रत्येक यंत्रावर उमटतात, साधनांचे स्रोत खुले आहेत आणि कार्यशाळा उभारण्याची संहिताही विनामूल्य मिळते. उणीव उरली आहे ती सांगणाऱ्याची. जुळणी कोठे अडली, का अडली आणि कशी सुटली, याची सविस्तर नोंद प्रत्येक प्रयोगशाळेने मराठीत ठेवली, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यास आरंभ शून्यापासून करावा लागणार नाही. मेघाचा केवळ भाडेकरी राहावयाचे की त्याच्या कारभाराचा जाणकार व्हावयाचे, याचा निर्णय वसई-विरारसारख्या ठिकाणी अशाच साध्या वह्यांतून होणार आहे.