दोन राजांची राणी

राजघराण्यांतील विवाहांकडे आपण बहुधा कौतुकाच्या, फार तर करमणुकीच्या नजरेने पाहतो. कोणाची लेक कोणास दिली, हे वंशवृक्षात नोंदवून इतिहासकार लढायांकडे वळतात. परंतु पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात विवाहाचा करारनामा हा तहनाम्याइतकाच वजनदार दस्तऐवज असे. ब्रिटनीच्या अ‍ॅनचे चरित्र पाहिले की याची साक्ष पटते. एकामागून एक अशा दोन राजांशी विवाह करून दोनदा फ्रान्सची राणी झालेली ही एकमेव स्त्री होय.

ब्रिटनी हा फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा सागरवेष्टित प्रदेश तेव्हा जवळजवळ स्वतंत्र होता. तेथील ड्यूक दुसरा फ्रान्सिस यास मुलगा नव्हता. फ्रान्सच्या गादीवर मुलीचा हक्क नसे. म्हणून ड्यूकने १४८६ मध्ये आपल्या प्रांतसभेकडून दोन्ही मुलींचा वारसा मान्य करून घेतला. पुढे जुलै १४८८ मध्ये फ्रेंच सैन्याने त्याचा पराभव केला आणि तहात एक कलम घातले: फ्रान्सच्या राजाच्या संमतीवाचून मुलींची लग्ने होऊ नयेत. काही आठवड्यांतच ड्यूक वारला आणि अकरा वर्षांची अ‍ॅन गादीवर आली.

तिच्या सल्लागारांनी ते कलम झुगारून डिसेंबर १४९० मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी तिचा विवाह लावला. वर स्वतः हजर नव्हता. आपल्याकडे खांडा पाठवून लग्न लावीत, तसा तेथे त्याचा प्रतिनिधी उभा राहिला. पण हंगेरीच्या राजकारणात गुंतलेला हा नवरा वेळेवर मदतीस आला नाही. फ्रेंचांनी रेन शहरास वेढा दिला, आणि ६ डिसेंबर १४९१ रोजी लांजे येथील किल्ल्यात अ‍ॅनने फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्याशी लग्न केले. या चार्ल्सची वाग्दत्त वधू होती मॅक्सिमिलियनचीच मुलगी मार्गारेट, आणि ती लहानपणापासून फ्रेंच दरबारात वाढत होती. जी अ‍ॅनची सावत्र लेक व्हावयाची, तिचाच नियोजित वर अ‍ॅनचा पती झाला.

या करारात आणखी एक विलक्षण अट होती. चार्ल्स निपुत्रिक वारल्यास अ‍ॅनने त्याच्या वारसाशीच लग्न करावे. फ्रान्सला राणी हवी होती, त्याहून अधिक ब्रिटनी हवी होती. या दांपत्याची मुले एकामागून एक दगावली. तीन वर्षे जगलेला थोरला मुलगाही १४९५ मध्ये गेला. एप्रिल १४९८ मध्ये दरवाज्याच्या चौकटीवर डोके आपटून खुद्द चार्ल्सचा अंत झाला.

नवा राजा बारावा लुई याची पत्नी जान ही चार्ल्सची बहीण, म्हणजे अ‍ॅनची सख्खी नणंद. लुईने पोपकडून ते लग्न रद्द करवून घेतले. अपमान सोसून जान धर्मकार्याकडे वळली. १९५० मध्ये तिला संतपद मिळाले. अ‍ॅन मात्र मधल्या काळात मायदेशी परतली होती. तिने स्वतःचे दफ्तर पुन्हा उघडले, स्वतःच्या नावाची सोन्याची नाणी पाडली, आणि जानेवारी १४९९ मध्ये नांत येथे दुसरे लग्न केले ते स्वतःच्या अटींवर. डचीचा कारभार तिच्या हाती राहील; पुढे ब्रिटनी फ्रान्सच्या गादीच्या वारसाकडे न जाता दुसऱ्या अपत्याकडे जाईल.

चौदाव्या वर्षी वेढ्यात सापडून केलेला करार आणि एकविसाव्या वर्षी मांडी ठोकून केलेला करार यांतील हा फरक आम्हांस तिच्या कर्तृत्वाचे खरे माप वाटतो. थोरली मुलगी क्लोद हिला मॅक्सिमिलियनच्या नातवास देण्याचा तिने आग्रह धरला. लुईने १५०६ मध्ये क्लोदची सोयरीक फ्रेंच गादीचा वारस फ्रान्सिस याच्याशी केली. अ‍ॅनने अखेरपर्यंत रुकार दिला नाही. ९ जानेवारी १५१४ रोजी ती वारली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते लग्न उरकण्यात आले.

करारान्वये ब्रिटनी धाकट्या रनेकडे जावयाची; ती गेली क्लोदमार्फत फ्रान्सिसकडे. रनेला १५२८ मध्ये इटलीत फेरारा येथे दिले, आणि १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्समध्ये विलीन झाली. कलम चोख होते. ते बजावणारे कोणी उरले नव्हते. सरकारी कागदांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस याचे मर्म सांगावयास नको.

तरीही तिचा खटाटोप फुकट गेला असे आम्ही म्हणणार नाही. १५३२ चे विलीनीकरण तलवारीने झाले नाही. प्रांतसभेच्या संमतीवाचून कर न बसविण्याचे वचन राजास द्यावे लागले, आणि ब्रिटनीचे हे विशेष हक्क १७८९ च्या राज्यक्रांतीपर्यंत टिकले. अ‍ॅनचा देह फ्रेंच राजांच्या दफनभूमीत, सँ-देनी येथे ठेवला गेला. हृदय मात्र सोन्याच्या डबीत घालून नांत येथे आईबापांच्या थडग्यात ठेवण्यात आले. देह सासरी आणि हृदय माहेरी, ही वाटणी तरी तिच्या मनासारखी झाली.