वोख्याचा ठराव आणि शंकरराव देव

नागालँडमधल्या वोखा गावी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी १९६४ असे तीन दिवस बाप्टिस्ट चर्चचे अधिवेशन भरले होते. डोंगरांतून पायवाटांनी हजारो माणसे आली होती. प्रार्थना झाल्या, प्रवचने झाली आणि एक ठरावही झाला. भारत सरकार आणि भूमिगत नागा यांच्यात बोलणी घडवून आणण्यासाठी ज्या चौघांच्या प्रयत्नांना या अधिवेशनाने आपला आधार दिला, त्यांत जयप्रकाश नारायण होते, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा होते आणि इंग्लंडचे पाद्री मायकेल स्कॉट होते. चौथे होते आपले शंकरराव देव.

महाराष्ट्राला देव माहीत आहेत ते काँग्रेसचे सरचिटणीस, संविधान सभेचे सदस्य आणि संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे पुढारी म्हणून. दिल्लीशी बोलून प्रश्न सुटेल यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास होता. त्या विश्वासापायी त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला, आणि १९५६ मध्ये परिषद मागे पडून संयुक्त महाराष्ट्र समिती पुढे आली तेव्हा ते राजकारणातून बाजूला झाले. पुढच्या देवांविषयी मराठीत फारसे बोलले जात नाही. मुंबईच्या प्रश्नावर ज्या स्वभावाला भाबडा म्हटले गेले, त्याच स्वभावाची आठ वर्षांनी दूरच्या डोंगरांत गरज पडली.

गरज का पडली, यासाठी थोडे मागे जावे लागते. अंगामी झापू फिझो यांच्या नागा नॅशनल कौन्सिलने स्वातंत्र्याची मागणी केली होती. १९५६ च्या मार्चमध्ये भूमिगतांनी आपले वेगळे ‘फेडरल सरकार’ जाहीर केले आणि डोंगरांत लष्कर उतरले. १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा आला. गावे जळाली, माणसे कुंपणाच्या छावण्यांत कोंबली गेली. दुसरीकडे भूमिगतांच्या गोळ्यांना आणि दंडवसुलीला नागा माणसेच बळी पडत होती. १ डिसेंबर १९६३ ला नागालँड हे राज्य झाले, पण जंगलातल्या बंदुका थांबल्या नाहीत.

या सगळ्यात दोन्हीकडे ये-जा असलेली संस्था एकच उरली होती, ती म्हणजे चर्च. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी १८७० च्या दशकात आओ नागांच्या गावात आले, त्याला तोवर नव्वदएक वर्षे झाली होती. राज्य सरकारातला मंत्री आणि जंगलातला सेनापती बहुधा एकाच पंथाचे, कित्येकदा एकाच कुळातले. ज्या घरातला एक मुलगा सरकारी कचेरीत आणि दुसरा भूमिगत सैन्यात, त्या घरच्या दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा करणारा पाद्री तोच. लाँग्री आओ यांच्यासारखे पाद्री जंगलात जाऊन भूमिगतांना भेटत आणि परत येऊन कचेरीत अधिकाऱ्यांना भेटत. दोन्हीकडचे त्यांच्यावर संशय घेत, पण दार कोणी बंद करत नव्हते. चर्चचे खरे बळ यात होते. आपल्याकडे मराठवाड्याने मिशन पाहिले ते जालन्याच्या दवाखान्यात आणि नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल गावात. राज्यकर्ते आणि बंडखोर यांच्या मधोमध उभे राहणारे चर्च आपल्या भागाच्या अनुभवातले नाही.

चौघांची निवडही विचार करण्याजोगी होती. स्कॉट हे १९३५ च्या सुमारास मुंबईच्या बिशपांकडे पाद्री म्हणून काम करून गेले होते. दक्षिण आफ्रिकेत १९४६ मध्ये डर्बनच्या हिंदी सत्याग्रहींबरोबर उभे राहून त्यांनी तुरुंगवास भोगला. फिझो १९६० मध्ये लंडनला पोचले ते स्कॉट यांच्या मदतीने, म्हणून भूमिगतांचा त्यांच्यावर भरवसा होता आणि दिल्लीला त्यांचे वावडे होते. १९६२ मध्ये बैरुतला स्थापन झालेल्या जागतिक शांतिसेनेचे जयप्रकाश आणि स्कॉट हे सहअध्यक्ष. देवही याच वर्तुळातले. चीनशी युद्ध होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा १ मार्च १९६३ ला राजघाटावरून दिल्ली ते पेकिंग मैत्रीयात्रा पायी निघाली आणि तिचे नेतृत्व देवांनी केले. देशात संतापाची लाट होती, यात्रेकरूंना रस्त्यात शिव्या ऐकाव्या लागत होत्या. चीनने प्रवेश दिला नाही आणि यात्रा आसामात संपली. शत्रूच्या दारी पायी जाणाऱ्या माणसाचे नाव वोख्याला सुचावे, यात नवल वाटू नये.

मध्यस्थी करणारे प्रत्यक्ष मंडळ मात्र तिघांचेच झाले. देव त्यात नव्हते.

२३ मे १९६४ ला साक्राबा गावी शस्त्रसंधीच्या मसुद्यावर भूमिगतांच्या आणि मंडळाच्या सह्या झाल्या. चारच दिवसांनी नेहरू गेले. दिल्लीची संमती लालबहादूर शास्त्रींच्या काळात आली. त्या कागदातली कलमे आजही वाचण्यासारखी आहेत, कारण त्यांत मोठे शब्द नाहीत. लष्कराने जंगलात मोहीम काढायची नाही, भूमिगतांच्या तळावर छापा घालायचा नाही, गावांची झडती घ्यायची नाही, विमाने वापरायची नाहीत, शिक्षा म्हणून गावकऱ्यांकडून वेठ करून घ्यायची नाही, ठाण्यापासून हजार यार्डांपलीकडे गस्त घालायची नाही. भूमिगतांनी दबा धरून हल्ला करायचा नाही, माणसे पळवायची नाहीत, सक्तीची भरती करायची नाही, दंड वसूल करायचा नाही, आणि ठाण्याच्या हजार यार्डांच्या आत हत्यार घेऊन यायचे नाही. सार्वभौमत्व, संविधान, स्वयंनिर्णय यांतला एकही प्रश्न या कलमांनी सोडवला नाही. शेतावर जाणाऱ्या बाईला वाटेत कोणी अडवणार नाही, एवढीच व्यवस्था केली. पाद्र्यांना नेमके हेच हवे होते. प्रश्न राज्यकर्त्यांनी सोडवावा, पण तोवर मारणे थांबवावे.

६ सप्टेंबर १९६४ ला शस्त्रसंधी अमलात आली. तो रविवार होता, प्रार्थनेचा वार. त्या महिन्याच्या २३ तारखेला कोहिमाजवळच्या चेदेमा येथे दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. सरकारच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते परराष्ट्र सचिव वाय. डी. गुंडेविया. लष्कर ज्यांच्या खात्याखाली होते ते संरक्षणमंत्री त्या वेळी यशवंतराव चव्हाण. शस्त्रसंधी पाळली जाते की नाही हे बघायला निरीक्षकांचे पथक नेमले गेले, त्यात गांधीजींचे सचिव महादेवभाई यांचे चिरंजीव नारायण देसाई होते आणि मार्जोरी साइक्स होत्या. साइक्सबाई क्वेकर पंथाच्या. वर्ध्याच्या सेवाग्रामात त्यांनी नई तालीमच्या शिक्षकांना वर्षानुवर्षे शिकवले होते. म्हणजे देव नसले तरी महाराष्ट्राचा धागा तुटला नव्हता.

डिसेंबरमध्ये मंडळाने मधला मार्ग मांडला: नागांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सरकारने तत्त्वतः समजून घ्यावा आणि नागांनी आपल्या मर्जीने भारतीय संघराज्यात सामील व्हावे. यातला पहिला भाग दिल्लीला पचला नाही, दुसरा भूमिगतांना. १९६६ च्या सुरुवातीला जयप्रकाश बाहेर पडले. आसामात आगगाड्यांत बाँबस्फोट झाले, माणसे मेली, मग चलिहांनीही मंडळ सोडले. मे महिन्यात स्कॉट यांना देशाबाहेर घालवण्यात आले. मंडळ संपले, तरी शस्त्रसंधी मुदत वाढवत वाढवत १९७२ पर्यंत टिकली. आठ वर्षे ही त्या डोंगरांत जन्मलेल्या मुलांच्या दृष्टीने थोडी नव्हेत.

लाँग्री आओ थांबले नाहीत. ११ नोव्हेंबर १९७५ च्या शिलाँग करारात मध्यस्थ समितीत ते होते. हा करार आणीबाणीतला. भूमिगतांतल्या मोठ्या गटाने तो शरणागती मानला आणि १९८० मध्ये त्यातूनच नवी संघटना उभी राहिली. पाद्र्यांनी घाई केली, असे तेव्हापासून बोलले जाते. तो आक्षेप पूर्ण खोटा नाही. आणीबाणीत बंदुकीच्या छायेत झालेल्या सह्यांना लोकांची मान्यता मिळणे अवघडच होते आणि चर्चने हे ओळखायला हवे होते.

मराठवाड्यातल्या वाचकाने ही गोष्ट आपल्या १९४८ शेजारी ठेवून पाहावी. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि भारत यांच्यात जैसे थे करार झाला, पुढे कित्येक महिने बोलणी चालली. ती बोलणी वकील, गव्हर्नर जनरल आणि राजवाडा यांच्यात होती. रझाकारांच्या जुलमाखाली पिचलेल्या गावातून कोणी त्यात नव्हते, आणि गावातल्या हिंदू-मुसलमान दोघांचाही भरवसा असलेली, शासनाशी बोलू शकणारी संस्थाही नव्हती. बोलणी फिसकटली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस ॲक्शनने निकाल लावला आणि मराठवाडा मुक्त झाला. ते होणे आवश्यक होते. पण त्यानंतर जे झाले तेही इतिहासात आहे. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हिंसेचे म्हणून नोंदवलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे, म्हणजे मराठवाड्यातलाच जिल्हा. गावोगावी दोन्हीकडे ये-जा असलेली माणसे संघटितपणे उभी असती तर काय वाचले असते, हा प्रश्न मराठवाड्याने स्वतःला फारसा विचारलेला नाही.

वोख्यानंतर इतरत्रही पाद्री मध्ये पडले. मिझोराममध्ये १९६६ च्या उठावानंतर प्रेस्बिटेरियन आणि बाप्टिस्ट चर्चच्या नेत्यांनी जंगलात जाऊन मिझो नॅशनल फ्रंटशी बोलणे केले. तिथे ३० जून १९८६ ला करार झाला आणि तो टिकला. मोझांबिकमध्ये आर्चबिशप झाइमे गोन्साल्विश आणि रोममधली सांत एजिदिओ ही कॅथलिक मंडळी यांच्या मध्यस्थीने ४ ऑक्टोबर १९९२ ला यादवी थांबली. नागालँडमध्ये १ ऑगस्ट १९९७ पासून नवी शस्त्रसंधी आहे, २०१५ मध्ये आराखडा करारही झाला, अंतिम तोडगा अजून नाही.

शंकरराव देवांवर मराठीत लिहिताना १९५६ चा हिशेब सगळेच मांडतात. त्यांच्या चरित्रात वोख्याच्या ठरावालाही जागा द्यावी. आपल्या माणसांनी ज्याचा समझोत्याचा आग्रह नाकारला, त्याचे नाव परक्या डोंगरांतल्या, परक्या धर्माच्या हजारो लोकांनी विश्वासाने मंजूर केले होते.