दिनविशेष : १० ऑगस्ट
खिशात मावणारी कविता

१९५५ : अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या 'सिटी लाइट्स' या पुस्तकांच्या दुकानाने आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. दुकानाचे मालक आणि कवी लॉरेन्स फर्लिंगेटी यांचाच तो संग्रह, 'पिक्चर्स ऑफ द गॉन वर्ल्ड'. आवृत्ती जेमतेम ५०० प्रतींची. खिळे हाताने जुळवून छपाई झाली, मुखपृष्ठेही मित्रमंडळींच्या मदतीने हातानेच चिकटवली. कोणालाही परवडेल आणि कोटाच्या खिशात मावेल, असे या 'पॉकेट पोएट्स' मालेचे रूप होते.

१९५६ मध्ये मालेतील चौथे पुस्तक आले, ॲलन गिन्सबर्ग यांचे 'हाउल अँड अदर पोएम्स'. पुढच्याच वर्षी अश्लीलतेच्या आरोपावरून फर्लिंगेटींना अटक झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी न्यायमूर्ती क्लेटन हॉर्न यांनी त्यांना निर्दोष ठरवले. छोट्या प्रकाशकाने दिलेला हा लढा साऱ्याच लिहित्या हातांना बळ देणारा ठरला. गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईतही येऊन गेले. त्यांची भारतातली रोजनिशी १९७० मध्ये 'सिटी लाइट्स'नेच छापली.

१९९५ मध्ये मालेच्या चाळिशीनिमित्त फर्लिंगेटींनी तिच्यातील निवडक कवितांचे संकलन काढले. त्यात अमेरिकन कवींच्या जोडीला फ्रान्सचे झाक प्रेव्हेर आणि इटलीचे पासोलिनीही आहेत. साठीनिमित्त त्याची नवी आवृत्ती निघाली. कवितेवर निष्ठा असली, की छोटी प्रकाशन संस्थाही वाङ्मयाचा इतिहास घडवते, याचा हा भक्कम पुरावा आहे.