वाढो

गेल्या आषाढात न्हाणीघरात पाय घसरला आणि माझे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, “हाड जुळलंय, आता चाला.” पण हाड जुळले तरी मन जुळेना. काठी हाती घेतली की ओली फरशी डोळ्यांपुढे उभी राही. शेवटी नातीने एक कोरी वही पुढ्यात ठेवली. “आबा, रोज सकाळी स्वतःसाठी एक चांगलं वाक्य लिहा आणि मोठ्यानं म्हणा. हल्ली पुष्कळ लोक करतात.”

मी लिहिले, ‘मी पडणार नाही.’ आठ दिवस तेच लिहिले आणि तेच म्हटले. आणि वाचकहो, त्या आठ दिवसांत मी दहा पावलांवरून चार पावलांवर आलो! आपल्या मराठीत ‘नाही’ येतो वाक्याच्या अगदी शेवटी. तोवर मी मनातल्या मनात पडून चुकलेला असे.

तेव्हा मला आमची आजी आठवली. तिच्या राज्यात बांगडी कधी फुटली नाही, ती ‘वाढवली’. नारळ फोडला नाही, तोही ‘वाढवला’. दारातून निघणाऱ्याने ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. लहानपणी या भाबडेपणाचे आम्हांला हसू येई. पण या ‘वाढण्या’चे मूळ किती जुने आहे हे मला कळले ते पुढे, इतिहास शिकवू लागल्यावर.

आमचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवणारा वराहदेव हा याच शाखेतल्या हरिषेण राजाचा सचिव. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचे लग्न याच वत्सगुल्मात लावून दिले आहे. शब्दाची पारख या मातीत जुनी, असे आम्ही वाशीमकर म्हणालो तर रागावू नये!

इसवी सन 1939 मध्ये येथे एक ताम्रपट उजेडात आला. तो दुसऱ्या विंध्यशक्तीचा, म्हणजे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. राज्याच्या 37व्या वर्षी राजाने आजच्या नांदेडच्या बाजूचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले, त्याचा हा लेख. त्यात राजाची वंशावळ आहे संस्कृतात. पण दानाचा मजकूर आहे प्राकृतात. हे दान कशासाठी? आपला विजय व्हावा, आयुष्य आणि बळ वाढावे, स्वस्ति-शांतीचे वाचन व्हावे, यासाठी.

येथे मी थबकलो. ‘मी अजिंक्य आहे’ असे राजा म्हणत नाही. तो म्हणतो, वाढावे. संस्कृतातला ‘वर्ध’ प्राकृतात ‘वड्ढ’ झाला आणि मराठीत ‘वाढ’. आजीच्या बांगडीपाशी तोच शब्द उभा होता!

आता पश्चिमेकडे पाहा. फ्रान्समधल्या नान्सी गावी एमिल कुए नावाचा एक औषधविक्रेता होऊन गेला (1857–1926). आपण दिवसेंदिवस सर्व बाबतींत अधिकाधिक बरे होत आहोत, अशा अर्थाचे एक वाक्य तो लोकांना सकाळ-संध्याकाळ वीस-वीसदा म्हणायला सांगे. मोजायला वीस गाठींची दोरी! आपल्या जपमाळेचीच धाकटी बहीण म्हणायची. त्याच्याही वाक्यात जोर आहे तो वाढीवर. याउलट 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की स्वतःविषयी मुळातच हीन भावना असलेल्यांकडून ‘मी प्रेमास पात्र आहे’ हे वाक्य वदवून घेतले, तर त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटते. मनाला न पटणारी बढाई मन परत करते. वाढ मात्र त्याला पटते, कारण तिला आजचे उणे लपवावे लागत नाही.

मग नकार वाईटच काय? तसेही नाही. याच ताम्रपटात नकारांची रांग आहे: या गावात शिपायांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, फुले-दूध उकळू नये, आणखी बरेच. म्हणजे स्वतःच्या आयुष्याविषयी बोलताना ‘वाढावे’, आणि आपल्या अंमलदारांना आवरताना ‘नाही’. शिवाय नुसते शब्द नाहीत. त्यांच्यामागे एक अख्खे गाव दान दिलेले आहे. शुभ शब्दाला पदरचे काही द्यावे लागते.

माझ्यापाशी द्यायला गाव नाही, पावले आहेत. मी वहीतले वाक्य खोडले आणि लिहिले, ‘माझ्या पायांतले बळ वाढो.’ ते म्हणायचे आणि कालच्यापेक्षा एक पाऊल अधिक टाकायचे, असा नेम धरला. काही दिवशी ते पाऊल पडले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य.

काल नातीने अंगणात पणत्या मांडल्या. माझ्या खोलीपासून तुळशीपर्यंत सत्तावीस पावले. मी निघालो, तशी ती धावत आली. “आबा, धरू का?”

“नको,” मी म्हणालो. “तू फक्त मोज.”

तिने मोजले. सत्ताविसाव्या पावलाला मी वाकून पणती लावली. वाचकहो, दिवाळीच्या निमित्ताने तुमच्याही घरी जे चांगले आहे, ते वाढो. आता येतो!