पायाखालची वर्षं

फाटकाशी गाडी सोडून उतरणीला लागलात की साल १९०४. अ‍ॅरिझोनातल्या सांता रीटा डोंगराच्या पायथ्याचं वाळकं गवत पोटऱ्यांना घासतंय. समोर कच्च्या विटांची लांबट इमारत दिसते, तिचं नाव केंटकी कॅम्प. डोंगरातलं पाणी पाटानं आणि लोखंडी नळानं खाली आणायचं, मोठ्या तोटीतून समोरच्या टेकाडावर मारायचं आणि वाहून आलेल्या वाळूतून सोनं वेचायचं, असा जेम्स स्टेट्सन या इंजिनियरचा बेत आहे. या टापूत सोनं सापडलं १८७४ साली, पण धुवायला पाणी नव्हतं. गाढवांच्या पाठीवर पखाली लादून आणलेल्या पाण्यात किती माती धुणार? दहा-बारा वर्षांत बहुतेक लोक निघून गेले. आता स्टेट्सननं पाणी आणलंय. तुम्ही त्या नळाला हात लावता आणि पुढच्या वर्षी काय होणार ते तुम्हाला ठाऊक असतं. १९०५ साली टूसॉनमधल्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून तो जाणार आणि त्याच्यामागे हा सगळा डावही मोडणार.

त्या जुन्या पाटाच्या कडेनं आज अ‍ॅरिझोना ट्रेलचा एक तुकडा जातो. मेक्सिकोच्या सीमेपासून युटाच्या हद्दीपर्यंत सुमारे १,२९० किलोमीटरची ही वाट. वाळवंटातून चढून पाइनच्या जंगलात जायचं आणि पुन्हा निवडुंगांत उतरायचं, असं तिचं सतत चालतं. फ्लॅगस्टाफचे शिक्षक डेल श्युऑल्टर १९८५ साली हे राज्य दक्षिणोत्तर पायी चालून गेले आणि मग आयुष्यभर या वाटेसाठी झटले. २०११ साली तिचे सगळे तुकडे जोडले गेले. सबंध वाट चालणाऱ्यांना दीड-दोन महिने लागतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पुढचं पाणी कुठे आणि पुढचा शिधा कुठे, या हिशेबात त्यांना फार थांबता येत नाही. एका दिवसासाठी आलेल्याला थांबता येतं, आणि ही वाट थांबणाऱ्याशी जास्त बोलते.

म्हणून आता दक्षिण टोकाला या. माँटेझुमा खिंडीतून सीमेवरच्या १०२ क्रमांकाच्या खांबापर्यंतची वाट सकाळच्या वेळात उरकते. इथे उतरताना साल होतं १५४०. पूर्वेला सॅन पेद्रो नदीचं खोरं पसरलंय, उन्हाळ्याची सुरुवात आहे, आणि खोऱ्यात धुळीचा एक लांबलचक पट्टा सरकतोय. घोडे, मेंढ्या, तीनशेहून जास्त स्पॅनिश शिपाई आणि त्यांच्याबरोबर मेक्सिकोतले हजारावर मूलनिवासी. सेनापती कोरोनाडोची ही फौज याच खोऱ्यातून गेली असं मानतात. सोन्यानं भरलेली सात शहरं शोधायला निघालेत, सापडणार आहेत ती झुनी लोकांची दगडमातीची गावं. त्यांना ओरडून सांगावंसं वाटतं, पण ऐकणार कोण?

त्यांच्यातलीच एक तुकडी होपी वाटाड्यांबरोबर त्याच वर्षी ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर पोचली. तिघं जण नदीपर्यंत उतरायला गेले आणि एक-तृतीयांश अंतरावरून परत आले. वरून माणसाएवढे दिसणारे खडक सेव्हिलच्या मनोऱ्याहून उंच निघाले, असं त्यांनी सांगितलं.

त्या कड्याकडे जाताना वाटेत फ्लॅगस्टाफजवळ वॉलनट कॅन्यनच्या काठाकाठानं अर्धा दिवस चाला. इथे बाराव्या शतकात सिनाग्वा लोक कड्यातल्या कपारींना भिंती घालून राहतात आणि वरच्या पठारावर मका पेरतात. तिकडे देवगिरीवर यादवांची राजधानी वसते आहे, तोच हा काळ. त्या कपारी ज्या चुनखडकात आहेत त्याचं नाव कायबाब. ते लक्षात ठेवा, कारण उद्या पहाटे तुम्ही त्याच खडकावर उभे असाल.

ग्रँड कॅन्यनमध्ये उतरणाऱ्या साउथ कायबाब वाटेवर पाण्याचा थेंब नाही. लागेल ते सगळं पाठीवर घ्या. पहिली नागमोडी वळणं सुरू झाली की २७ कोटी वर्षांपूर्वीचा उथळ, कोमट समुद्र तुमच्या गुडघ्यांभोवती असतो, आणि तळाशी स्पंज आणि शिंपले. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ फार जुना वाटतो ना? त्याचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तेव्हा हा समुद्र आटून २० कोटी वर्षं झाली होती.

थोडं खाली खडक फिकट पिवळसर होतो आणि समुद्र नाहीसा होतो. हा कोकोनीनो वालुकाश्म, म्हणजे वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या. त्यांचे तिरके थर अजून जसेच्या तसे दिसतात. या खडकात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पावलांचे ठसे सापडतात, आणि बहुतेक ठसे चढावर जाणारे. इथे मी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ थांबवेन. हाताखाली २८ कोटी वर्षांपूर्वीच्या एका दुपारचा उतार आहे आणि कुणीतरी तो चढत गेलं आहे.

सीडर रिजवर माती लाल होते. हवा दमट, संथ नद्या, फर्नची झुडपं. त्या पानांचे ठसे इथल्या खडकात मिळाले आहेत. आणखी खाली स्केलेटन पॉइंट. निघाल्यापासून ४.८ किलोमीटर चाल आणि ६२० मीटर उतार झालाय, आणि तुम्ही ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच समुद्राच्या तळावर आहात. म्हणजे सरासरी काढली तर वितभर पायरीला वीस-पंचवीस हजार वर्षं. नदी इथून पहिल्यांदा दिसते. तिच्याकाठचा काळा खडक सुमारे १७० कोटी वर्षांचा. मोह आवरा आणि एका दिवसाच्या चालीत इथूनच मागे फिरा. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरायचा.

वर निघताना साल १९२८ होतं, आणि तुम्हाला वाट सोडून कड्याला चिकटून उभं राहावं लागतं. बेचाळीस माणसं एका रांगेत उतरताहेत, बहुतेक हवासुपाय जमातीची. सगळ्यांच्या खांद्यांवर मिळून एकच पोलादी दोर, टनभर वजनाचा, नदीवरच्या झुलत्या पुलासाठी. खेचरावर असा दोर लादता येत नाही. वळणावर पुढचे थांबतात, मागचे सरकतात, दोर वाकतो, रांग पुन्हा चालू होते. याच वर्षी, पलीकडच्या ब्राइट एंजल वाटेवर झऱ्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या हवासुपायांपैकी उरलेल्या शेवटच्या रहिवाशाला तिथून घालवलं गेलं. पुलाचा भार त्यांनी वाहायचा आणि मळा मात्र सोडायचा, हे मला आजही सहन होत नाही. त्या जागेला हवासुपाय गार्डन्स हे नाव मिळायला २०२२ साल उजाडलं. पूल अजून उभा आहे. सबंध ट्रेल चालणारा प्रत्येक जण कोलोराडो नदीपाशी पोचला की त्या माणसांनी खांद्यावरून आणलेल्या दोरांच्या आधारानं पलीकडे जातो.