गोष्ट आणि जागा

शाळेत मराठीच्या पेपरात निबंध यायचा आणि बाई फळ्यावर त्याचे प्रकार लिहून द्यायच्या: वर्णनात्मक, कथनात्मक, कल्पनात्मक, वैचारिक. 'माझे गाव' आलं की वर्णन, 'सहलीतील गंमत' आलं की कथन. मार्क मिळवायला एवढं पुरायचं, पुढे कोण विचार करतो!

मग आपण सॉफ्टवेअरमध्ये येतो आणि हाच फरक रोज समोर येतो, फक्त नाव बदलून. एखादा बग रिपोर्ट बघा. 'आधी लॉगिन केलं, मग हे बटण दाबलं, मग स्क्रीन पांढरी झाली', हे झालं कथन. 'सर्व्हर अमुक, ब्राउझर तमुक, डेटाबेसची आवृत्ती ही', हे झालं वर्णन. यातलं एकच लिहिलं तर समोरचा म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" काय घडलं आणि कुठे घडलं, दोन्ही हवं.

गंमत म्हणजे मराठी गद्य जेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं, तेव्हाच हा प्रश्न काही लोकांनी सोडवला होता. आणि त्यांच्यासाठी तो मार्कांचा नव्हता.

मी मूळचा भंडाऱ्याचा. भंडारा म्हटलं की पुण्यातल्या मित्रांना पितळेची भांडी आठवतात, फार तर तांदूळ. पण हे नाव जुनं आहे. रतनपूरच्या कलचुरी राजा पहिल्या जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखात, त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांच्या यादीत 'भाणार' येतं. म्हणजे तिथे फक्त नाव. गोष्ट नाही, वर्णन नाही. यादीतली एक ओळ.

पुढच्या शतकात या नावाला पहिल्यांदा माणूस चिकटतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी एकटेच भटकत होते, त्या काळात ते भंडाऱ्याला आले आणि तिथले निळभट्ट त्यांच्यामागे निघाले. पंथाच्या साहित्यात ते 'निळभट्ट भांडारेकार' म्हणून ओळखले जातात, चक्रधरांच्या अगदी सुरुवातीच्या शिष्यांपैकी एक. ही हकीकत 'लीळाचरित्रा'च्या 'एकांक' या पहिल्या भागात आहे.

लीळाचरित्र कसं तयार झालं, हे मला त्या ग्रंथाइतकंच भारी वाटतं. १२७४च्या सुमारास चक्रधर गेले. शिष्यमंडळी रिद्धपूरला, आजच्या अमरावती जिल्ह्यात, गोविंदप्रभूंच्या सेवेला आली. तिथे नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी मनात घोळवत बसायचे. सराळ्याचे म्हाइंभट, मोठे पंडित, त्यांनी हे पाहिलं आणि ठरवलं की या आठवणी लिहून काढायच्या. आणि ते घरात बसून लिहीत राहिले नाहीत. ज्याने जे पाहिलं-ऐकलं, त्याच्याकडे ते गावोगाव चालत गेले. कुणी शेतात होतं, कुणी दुसऱ्या गावी. जमवलेलं सगळं नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. या लेखनाचा काळ साधारण १२७८ मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या बाराएक वर्षं आधी.

लीळा म्हणजे एकेक छोटा प्रसंग, बहुतेक एका परिच्छेदाएवढा. स्वामी अमुक गावी होते, अमुक माणूस आला, त्याने हे विचारलं, स्वामी हे बोलले, संपलं. वाक्यं आखूड. विशेषणं जवळजवळ नाहीत. 'मग' हा शब्द बैलासारखा राबतो. कुणी कसा चेहरा केला, आकाशात ढग कसे होते, याची भानगड नाही. पण माणूस बोलू लागला की त्याचा आवाज ऐकू येतो. कथनाचा परिच्छेद शिकायचा असेल तर याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

पुढे संकट आलं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं परंपरा सांगते. बॅकअप नाही! मग शिष्यांनी पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसा नावाच्या स्त्रीच्या स्मरणातला पाठ त्यात महत्त्वाचा मानला जातो. वेगवेगळ्या माणसांच्या आठवणी जुळेनात, तेव्हा त्यांनी काय करावं? एक निवडून बाकीच्या फेकून दिल्या नाहीत. पाठभेद टिपून ठेवले. अशा पाठभेदाला ते 'वासना' म्हणत. व्हर्जन कंट्रोल वापरणाऱ्या माणसाने इथे टोपी काढावी.

आता वर्णनाकडे येतो. चौदाव्या शतकात याच पंथात 'स्थानपोथी' तयार झाली. चक्रधर जिथे जिथे गेले त्या जागांची ही नोंद. देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कुठल्या बाजूला चौक, दार कुठे, ओटा कुठे. स्वामी बसले ती जागा वेगळी, रात्री राहिले ती वेगळी, लघुशंकेला गेले ती जागासुद्धा वेगळी. 'रम्य', 'मनोहर', 'निसर्गसौंदर्य' असलं काही नाही. फक्त दिशा, वस्तू आणि त्यांचं एकमेकांशी नातं. आमच्या बाईंनी दहापैकी तीन दिले असते.

पण हे वर्णन कशासाठी होतं बघा. ज्याने स्वामींना कधी पाहिलं नाही, त्याला शंभर वर्षांनी त्या जागी जाऊन नेमक्या ओट्यासमोर वाकता यावं, यासाठी. लीळा सांगते काय घडलं. स्थानपोथी सांगते कुठे उभं राहायचं. आजही महानुभाव मंडळी या स्थानांना जातात. आणि ज्यांचा पंथाशी संबंध नाही, त्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्यातून त्या काळच्या देवळांची माहिती मिळते. पोथ्या बराच काळ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, नंतर ह. ना. नेने, वि. भि. कोलते, शं. गो. तुळपुळे यांनी ग्रंथ संपादून छापले. म्हणून आज आपल्याला वाचता येतात.

हे सगळं मला अचानक का सुचलं? माझं आजोळ पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. १९८८ साली गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं आणि पुढे कधीतरी जुनं गाव पाण्याखाली गेलं. नवं गावठाण वर आहे, सरळ रस्ते, सारखे प्लॉट. मध्यंतरी मी मोठ्या मामांकडून जुन्या गावाच्या आठवणी लिहून घ्यायला बसलो. गोष्टी हव्या तेवढ्या मिळाल्या. पुरात बैल कसा वाहून गेला, मावशीच्या लग्नात वऱ्हाड कसं रुसलं. मग मी विचारलं, घरातून विहिरीकडे जाताना डाव्या हाताला काय होतं? मामा थांबले. मामी आतून म्हणाल्या, "बोडी. अन् विहीर उगवतीला." मामा म्हणाले, "नाही, मावळतीला." दहा मिनिटं वाद झाला. आता तो मिटवायला जागाच उरलेली नाही.

मी वहीत दोन्ही लिहून ठेवलं, मामांची वासना आणि मामींची वासना. सपरीत किती खांब होते, धानाची बांधी किती पावलांवर होती, चिंच कुठे होती, सगळं असंच विचारत गेलो. मग लक्षात आलं की आपल्या घराघरांत लीळाचरित्रं भरपूर आहेत, स्थानपोथ्या नाहीत. कारण गोष्ट आपण होऊन सांगितली जाते, रंगवली जाते, पुढे जाते. जागा मात्र समोर दिसत असते, म्हणून कुणी तिचं वर्णन करत नाही. आणि दिसेनाशी झाली की करता येत नाही.

त्यामुळे चांगलं लिहायचं असेल तर माझे दोनच नियम. कथन करताना कोण, कुठे, मग काय, हे सांगा आणि माणसाला बोलू द्या. वर्णन करताना एका पक्क्या जागी उभे राहा, दिशा सांगा, आणि वाचणारा डोळे मिटून चालू शकेल इतकं नेमकं लिहा. सुंदर आहे की नाही, ते त्याचं तो ठरवेल.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. म्हाइंभटांच्या रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठही झालंय. पण आपल्या वाट्याचं काम त्याहून सोपं आहे. या शनिवारी आजीला किंवा मामाला फोन लावा. गोष्ट विचारू नका, ती ते सांगतीलच. विहीर कुठल्या बाजूला होती, ते विचारा. आणि दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही लिहून ठेवा.