खाणीच्या उकिरड्यातला लाल

स्वीडनच्या दालार्ना प्रांतात एका बोकडाची गोष्ट सांगतात. कोरे नावाचा हा बोकड रानातून परतला तो शिंगे लाल करून. मालकाने माग काढला, आणि बोकडाने जिथे डोके घासले होते तिथल्या मातीखाली तांबे सापडले. दंतकथाच ही. पण पुढे जे घडले ते पाहता बोकडाची पारख दुहेरी होती असे म्हणावे लागते. तिथले तांबे कधीच संपले, शिंगांना लागलेला लाल मात्र आजही डबे भरभरून विकला जातो.

बर्फात बुडालेले अंगण, मागे देवदारांची रांग, मध्ये गडद लाल लाकडी घर, त्याचे कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या, काचेआड मेणबत्ती. स्कँडिनेव्हियातल्या ऊबदार घराचे हे चित्र पर्यटनाच्या पत्रकांनी आणि फर्निचरच्या कॅटलॉगांनी जगभर नेले. त्या चित्रातल्या लालाला स्वीडनमध्ये फालुन गावाच्या नावाने ओळखतात. हा रंग घरगुती आणि साधाभोळा वाटतो खरा, पण त्याची सुरुवात झाली राजवाड्याच्या छपरावर, आणि तो आला एका अतिशय भीषण जागेतून.

फालुनची तांब्याची खाण किती जुनी, तर तिच्या एका हिश्श्याचा व्यवहार नोंदलेला १२८८ सालचा दस्तऐवज आजही जपलेला आहे. पेतर नावाच्या बिशपने खाणीतला आठवा हिस्सा परत मिळवला, त्याची ती नोंद. १३४७ मध्ये राजा माग्नुस एरिकसनने खाणमालकांना सनद दिली. सतराव्या शतकात स्वीडन युरोपातली बडी सत्ता झाली, लढायांवर लढाया लढली, आणि त्या लढायांचा बराचसा खर्च या एका खड्ड्यातून निघाला. ऐन भराच्या काळात युरोपातल्या तांब्यापैकी सुमारे दोनतृतीयांश तांबे इथले होते. तांबे इतके झाले की १६४४ मध्ये स्वीडनने तांब्याच्या पत्र्यांची नाणी पाडली. त्यातले दहा दालरचे नाणे १९.७ किलो वजनाचे होते. बाजाराला जाताना बटवा नव्हे, गाडी लागत असणार.

या वैभवाची किंमत आजूबाजूच्या मुलखाने मोजली. खडक फोडायचा तर आधी त्याच्याशी लाकडांचा जाळ लावायचा, रात्रभर तापवायचा आणि मग ठिसूळ झालेला थर घण घालून उतरवायचा, अशी रीत होती. वर आणलेले धातुक पुन्हा उघड्यावर भाजायचे. त्यातून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने फालुनभोवती गवतही उगवत नसे. तरुण कार्ल लिनियस १७३४ मध्ये इथे आला, खाली उतरला, आणि वर येऊन त्याने या जागेची तुलना थेट नरकाशी केली. वनस्पतींना नावे देणारा हा माणूस, त्याला इथे वर्णन करायला वनस्पतीच उरलेल्या नव्हत्या. (पाच वर्षांनी तो फालुनच्याच एका डॉक्टरांचा जावई झाला, म्हणजे नरकाची त्याला फारशी दहशत बसली नसावी.)

शतकानुशतके हवे तसे पोखरल्यावर २५ जून १६८७ रोजी खाणीच्या भिंती कोसळल्या आणि सुमारे शंभर मीटर खोल असा एक प्रचंड खड्डा उरला. मिडसमरच्या सणाची सुट्टी होती, त्यामुळे आत कोणी नव्हते. वर्षातून जेमतेम दोन सणांना काम थांबत असे, त्यातलाच एक दिवस नेमका तो होता.

आणखी एक घटना या रंगाच्या गोष्टीला जवळची आहे. १७१९ मध्ये पाण्याने भरलेल्या एका जुन्या भुयारात कामगारांना एका तरुणाचे प्रेत सापडले. चेहरा इतका ताजा की नुकताच मेला असावा. पण खाणीतला कोणीच बेपत्ता नव्हता. शेवटी एक म्हातारी पुढे आली आणि तिने त्याला ओळखले. तो तिचा वाग्दत्त वर मात्स इस्राएलसन होता, १६७७ मध्ये नाहीसा झालेला. ती म्हातारी झाली होती, तो होता तसाच होता. जर्मन लेखक हॉफमनने या घटनेवर कथा लिहिली. मात्सला मात्र मृत्यूनंतरही सुट्टी मिळाली नाही. लोकांना दाखवण्यासाठी त्याला वर्षानुवर्षे ठेवले गेले आणि कायमचे दफन झाले ते १९३० मध्ये. त्याला टिकवले होते खाणीच्या पाण्यात विरघळलेल्या गंधकी क्षारांनी. याच पाण्यातून हिराकस काढत, आणि हिराकस हा फालुनच्या लाल रंगातला एक घटक आहे. लाकडावर बुरशी चढू नये म्हणून तो घालतात.

रंगाचा मुख्य घटक म्हणजे खाणीबाहेर टाकून दिलेले डबर. ज्या दगडात तांबे कमी, तो फेकून द्यायचा. असे ढिगारे पिढ्यान्‌पिढ्या ऊनपावसात पडून राहिले की त्यातले लोह गंजते आणि पिवळसर लाल माती तयार होते. ती धुऊन, गाळून, वाळवून भट्टीत भाजतात. आच कमी ठेवली तर फिका लाल मिळतो, वाढवली तर गडद, आणि आणखी वाढवली तर जवळजवळ काळपट. गोवा आणि दक्षिण कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर कावीची जी लाल चित्रे असतात, त्यांचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. मात्र फालुनच्या मातीत त्यासोबत सिलिका आणि तांबे-जस्ताचे अंशही असतात.

भाजलेल्या मातीचा रंग कसा बनवायचा, ते कुठल्याही शेतकऱ्याला जमण्यासारखे होते. पाणी उकळायचे, त्यात हिराकस विरघळवायचा, राय किंवा गव्हाचे पीठ घालून खळ शिजवायची, मग लाल भुकटी आणि थोडे जवसाचे तेल टाकून ढवळत राहायचे. बस. महाग वस्तू एकच, ती म्हणजे तेल, आणि ते थोडेच लागते. खळीचा हा रंग लाकडावर कातडीसारखा ताणून बसत नाही, त्यामुळे आतली ओल बाहेर पडू शकते. जुना झाला की त्याचे पापुद्रे निघत नाहीत, नुसती भुकटी होऊन झडतो. ब्रशने घासले की भिंत नव्या हातासाठी तयार. थंडी, पाऊस आणि बर्फ आलटून-पालटून झेलणाऱ्या लाकडी घराला याहून सोयीचा रंग मिळणे कठीण होते.

तरीही शेतकऱ्यांनी तो आधी लावला नाही. या रंगाच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक आहे १५७३ चा. राजा योहान तिसरा याने स्टॉकहोमच्या किल्ल्याच्या छपरासाठी फालुनचा लाल मागवला होता. हॉलंड-जर्मनीकडे विटांचे भव्य वाडे उभे राहत होते, आणि स्वीडनकडे होते लाकूड. मग लाकडालाच विटेचा रंग द्यावा, कोपरे पांढरे करून दगडी बांधकामाचा भास आणावा, असा हा श्रीमंती थाट होता. आज ज्या पांढऱ्या कोपऱ्यांना अस्सल ग्रामीण मानतात, ते मुळात दगडाचे सोंग होते. सरदारांच्या वाड्यांवरून हा रंग पाद्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरांवर उतरला. १७६४ पासून फालुनला त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले.

पुढे बड्यांची चव बदलली. एकोणिसाव्या शतकात शहरांना फिके पिवळे, राखाडी, पांढरे रंग आवडू लागले, आणि लाल म्हणजे जुनाट, गावंढळ असे ठरले. नेमक्या त्याच काळात गावाकडे लोकांच्या हाती चार पैसे आले. शतकानुशतके रंगाविना करडी पडलेली शेतकऱ्यांची घरे लाल होऊ लागली, आणि शतक सरता सरता जमीनदाराच्या शेतावर राबून त्याबदल्यात झोपडी वापरणाऱ्या कुळांची खोपटीही. शहराने टाकलेली फॅशन गावाने उचलली आणि तिची परंपरा झाली. असे बहुतेक परंपरांचे असते, फक्त त्यांच्या जन्मतारखा इतक्या स्वच्छ सापडत नाहीत.

घराच्या आतल्या उबेची कथाही याच मुलखाच्या लाकूडतोडीला जाऊन भिडते. खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या जंगले खात होत्या, आणि उघड्या चुलाण्यातली निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यातून वाया जात होती. सरकारने यावर तोड काढायला सांगितली, आणि १७६७ मध्ये वास्तुकार कार्ल योहान क्रूनस्टेट आणि फाबियान व्रेदे यांनी नव्या शेगडीचा आराखडा दिला. तिच्या पोटात धुराच्या वाटा वरखाली फिरवल्या होत्या, म्हणजे धूर बाहेर पडण्याआधी आपली उष्णता विटांना देऊन जाई. बाहेरून चकचकीत फरश्या, उंची छताला टेकणारी. सकाळी थोडी लाकडे जाळली की खोली रात्रीपर्यंत उबदार. आज जुन्या स्वीडिश घरांच्या जाहिरातीत ही शेगडी शोभेची वस्तू म्हणून मिरवते, पण तिचा जन्म काटकसरीतला.

लाल घराला देशाचे घर बनवण्याचे काम मात्र एका चित्रकार जोडप्याने केले, आणि तेही फालुनपासून हाकेच्या अंतरावर. कार्ल लार्सन स्टॉकहोमच्या गरीब वस्तीत वाढला. लहानपणीच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्या तो कधी विसरला नाही. त्याची बायको कारीन हीसुद्धा चित्रकार. १८८८ मध्ये कारीनच्या वडिलांनी त्यांना सुन्दबोर्न गावातले छोटे घर दिले. दोघांनी ते वर्षानुवर्षे वाढवले, रंगवले, बदलले. त्या काळी सुखवस्तू घरांत गडद पडदे, अवजड कोरीव फर्निचर आणि मखमल असायची. इथे मोकळ्या खिडक्या होत्या, कुंड्या होत्या, जुन्या खुर्च्यांना उघडे रंग फासले होते, जेवणघर लाल-हिरवे होते. विणकाम आणि भरतकाम कारीनचे. तिच्या नक्षीत जपानी कलेचाही धागा होता आणि दालार्नाच्या लोककलेचाही. श्रेय मात्र तिला फार उशिरा मिळाले, कारण जलरंगांतली चित्रे नवऱ्याची होती आणि पाहणाऱ्यांना घरही त्याचेच वाटले.

ती चित्रे १८९९ मध्ये ‘एत हेम’ म्हणजे ‘एक घर’ या पुस्तकात आली. त्याच वर्षी विचारवंत एलेन केय हिने सौंदर्य सर्वांसाठी असावे, ते श्रीमंतांची मक्तेदारी नव्हे, असे मांडणारे पुस्तक काढले. १९०९ मध्ये लार्सनच्या चित्रांची जर्मन आवृत्ती निघाली आणि तीन महिन्यांत तिच्या ४० हजार प्रती खपल्या. १९९७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या जोडप्याचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा ‘स्वीडिश शैलीचे निर्माते’ हे बिरूद दोघांनाही मिळाले. आजचा पांढऱ्या लाकडाचा, साध्या सुती कापडाचा, भरपूर उजेडाचा दिवाणखाना पाहिला की त्यात कारीनचा हात ओळखू येतो.

चित्रे लोकप्रिय होत होती तेव्हा देश मात्र रिकामा होत होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे १२-१३ लाख स्वीडिश लोक, बहुतेक अमेरिकेला, निघून गेले. १९०० साली देशाची लोकसंख्या जेमतेम ५१ लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे धसका कळतो. लोकांना इथेच जमीन आणि घर मिळावे म्हणून १९०४ पासून सरकारने ‘स्वतःचे घर’ योजनेत कर्जे दिली. त्या प्रचारातले आदर्श घर कोणत्या रंगाचे होते, हे सांगायला नकोच. ज्या खोपटांना कंटाळून माणसे जहाजात बसली, त्याच खोपटांचे चित्र दाखवून त्यांना थांबवले जात होते.

मग तीच खोपटी सुट्टीची झाली. १९३८ मध्ये कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, शेतमजूर शहरात गेले, ओस पडलेली कुळांची घरे शहरवाल्यांनी विकत घेतली. हिवाळी सुट्टीचा उगमही असाच गरजेतला. १९४० मध्ये युद्धामुळे कोळशाची टंचाई झाली, शाळा तापवणे परवडेना, म्हणून फेब्रुवारीच्या सुमारास आठवडाभर शाळा बंद ठेवून मुलांना बर्फातल्या खेळांना पाठवले गेले. युद्ध संपले, सुट्टी राहिली, आणि त्या आठवड्यात आजही कुटुंबेच्या कुटुंबे दालार्नाच्या डोंगरातल्या सेलेनकडे स्की बांधून निघतात. स्वीडनमध्ये आता सहा लाखांच्या आसपास सुट्टीची घरे आहेत.

जर्मनांना या घरांचे वेड इतके की २००७ मध्ये स्टॉकहोमच्या गोएथे संस्थेचे प्रमुख बेर्टोल्ड फ्रांके यांनी त्याला ‘बुलर्ब्यू सिंड्रोम’ म्हटले. आस्त्रिद लिंदग्रेनच्या मुलांच्या गोष्टींतले बुलर्ब्यू हे गाव. चित्रपटासाठी त्याचे चित्रण झाले ते स्मोलांडमधल्या सेवेदस्तोर्पला, एका ओळीत उभ्या असलेल्या तीन लाल घरांपाशी.

फालुनची खाण ८ डिसेंबर १९९२ रोजी बंद झाली, २००१ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. रंगाचा कारखाना मात्र जुन्या डबराच्या ढिगाऱ्यांवर चालूच आहे. त्याच्या गिऱ्हाइकांना दोन गोष्टी आधीच बजावून सांगाव्या लागतात. एकदा प्लॅस्टिक किंवा तेलरंग लावलेल्या भिंतीवर हा लाल धरत नाही, आधी सगळे खरवडून लाकडापर्यंत जावे लागते. आणि नव्याने रंगवलेल्या भिंतीला पांढरे कपडे घालून टेकू नये, पाठ हमखास लाल होते.